डोळे राहिलेलं चित्र

आमच्या घरी पहिल्यांदा आलेला पाहुणा बाहेरच्या खोलीत बसला की त्याची नजर भिंतीवरच्या माईंच्या चित्राकडे जाते आणि चित्रातल्या हातांवर अडकते. माई म्हणजे माझ्या सासूबाई. हात म्हणजे उकडलेली रताळी. पाहुणा सभ्य असला तर घाईघाईने चहाच्या कपात बघतो. मग मीच म्हणते, "हात बिघडलेत हो, ठाऊक आहे आम्हाला. डोळे बघा." डोळे बघितले की तो हटकून मान वळवून स्वतःच्या मागे बघतो, कारण माई त्याच्याकडे बघतच नाहीत. त्याच्या खांद्यावरून पलीकडे कुणाचं तरी नाटक चाललंय आणि त्या हसू दाबून ते बघताहेत, असे ते डोळे आहेत.

पाहुणा विचारतो, "कोणी काढलं?" मी सांगते, पेडण्याच्या गुणाजी चितारींनी. "वा, मग त्यांचं नाव झालं असेल मोठं!" इथे मी उठून आत जाते आणि लाडू आणते. नाव झालं असतं. गोव्यात नाही तर आमच्या डिचोलीत तरी झालंच असतं. ते माझ्या जिभेने बुडवलं. लाडवाबरोबर हे कुणाला सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

गुणाजीबाबांचं घराणं गणपती करणारं. चवथीआधी त्यांच्या चितारशाळेत मातीचे गणपती ओळीने बसत, आणि चवथ झाली की हे पिशवी खांद्याला लावून माणसांची तैलचित्रं काढायला गावोगाव निघत. शरीराने काटकुळे, लग्न न केलेले. ऐन एप्रिलात अंगात काळा कोट, त्याला टर्पेंटाइनचा असा वास की ते फाटकाशी आले की आमचा कुत्रा शिंकायचा. ब्रश ठेवायचे मिटलेल्या छत्रीत. पाऊस आला तर छत्री उघडता येत नसे, म्हणून भिजत येत आणि छत्री पोटाशी धरून म्हणत, "आज उजवाड बरो आसा." उजेड बरा आहे, हे ते रोजच म्हणत. आभाळ काळं कुळकुळीत असलं तरी.

दुसरी सवय अंगठ्याची. हात लांब करायचा, अंगठा उभा धरायचा, डावा डोळा मिटायचा आणि समोर असेल ते मापायचं. माईंना मापलं, दारातल्या फणसाला मापलं, चहाच्या कपाला मापलं. शेवटी मलाही मापलं आणि म्हणाले, "वयनी, नाक बरें आसा तुमचें. पूण तोंड सदांच उक्तें. तोंड बंद करूंक शिकल्यार तुमचें चित्र काडीन."

मी तेव्हा तिशी नुकती ओलांडलेली, स्वतःला भारी हुशार समजणारी बाई. मला नकला करता यायच्या आणि त्या गुणापायी सगळं गाव माझ्यावर जीव ओवाळतं असा माझा समज होता. चितारी माझ्या तोंडाविषयी बोलला, तर त्याचा कोट आणि त्याचा अंगठा मी त्याच संध्याकाळी शेजारणींना करून दाखवला.

माईंचं चित्र काढायचं ठरलं त्याला कारण मामंजी. ते गेले तेव्हा त्यांचा एकही फोटो नव्हता. कुठल्याशा चित्रकाराकडून आठवणी सांगून सांगून चित्र करून घेतलं, ते थेट आमच्या पोस्टमनसारखं आलं. वर्षानुवर्षं माई पोस्टमनला हार घालत होत्या. तेव्हा आमच्या ह्यांनी मनाशी घेतलं की आईचं चित्र ती जिवंत असतानाच करून घ्यायचं. आळीत कुजबुज झाली. जित्या माणसाचं चित्र भिंतीवर? आणि तेही कुंकू नसलेल्या कपाळाचं? माई स्वतःही नकोच म्हणत होत्या. पण गुणाजीबाब अंगणातून "माई, पेडण्यांतलो हांव," असं ओरडले, आणि माईंचं माहेर पेडण्याचं. डिचोलीत इतकी वर्षं काढूनही त्यांच्या बोलण्यातला पेडण्याचा हेल गेला नव्हता आणि त्यावरून आम्ही सगळे त्यांना हसायचो. आपल्यासारखं बोलणारं माणूस दारात उभं आहे म्हटल्यावर त्या पदर सारखा करून कदेलवर जाऊन बसल्या. खुर्चीला आमच्याकडे कदेल म्हणतात.

बैठक रोज सकाळची. माई खिडकीशी, पाठ स्वयंपाकघराच्या दाराकडे. समोर गुणाजीबाब आणि त्यांचा कॅनव्हास. त्यांच्याही मागे, भिंतीवर, ह्यांचा दाढीचा आरसा. तो त्यांनीच तिथे टांगून घेतला होता. मधूनच मान वळवून ते आरशात आपलं चित्र बघत. चित्र उलटं दिसलं की त्यातली चूक आपोआप पुढे येते, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला हाक मारली. "वयनी, काल्चो उंडो आसा?"

"राव मरे, पोदेर येतलो आतां, ताजो दितां," मी म्हटलं. पोदेर म्हणजे पाववाला.

"ताजो नाका. शिळो जाय."

गरीब बिचारा भुकेला दिसतोय, म्हणून मी शिळ्या पावाबरोबर वाटीभर पातळ भाजीही नेली. ह्या गृहस्थाने पावाचा मऊ गर काढला, त्याची गोळी केली आणि कोळशाने काढलेलं माईंचं अर्धं तोंड तिने पुसून टाकलं.

"अन्नान तोंड पुशीतात?" मी किंचाळले.

"तोंड पुशीना, वयनी. चूक पुशीतां." आणि उरलेली कड भाजीत बुडवून शांतपणे खाल्ली. पुढे रोज तसंच. गर चुकांना, कड पोटाला.

ते हातांचं सांगायचं राहिलं. गुणाजीबाबांना हात काढता येत नसत. हे उघड गुपित होतं. डिचोलीत ज्या चित्रातल्या माणसाचे हात शालीत, पोथीखाली नाहीतर फुलांच्या परडीमागे असतील, ते चित्र त्यांचं. माईंचेही त्यांनी शालीत घातले. माईंनी एक दिवस उठून कॅनव्हास बघितला.

"हात खंय माझे?"

"शालीभितर."

"कित्याक? थंडी जाल्या त्यांका?"

"माई, हात दाखयल्यार तोंडाकडेन कोण पळयना."

"ना पळयल्यार रावूं. जल्मभर काम हातांनी केलां. तोंडाचें काम करपी आमगेर दुसरी आसा."

पळोवप म्हणजे बघणं, आणि दुसरी म्हणजे मी. आतून मला ऐकू आलं आणि मी फणसाची भाजी मुद्दाम तिखट केली. गुणाजीबाबांनी मात्र शाल पुसली आणि हात काढायला घेतले. खोडले, पुसले, पाव संपवले, स्वतःचाच हात आरशात धरून बघितला. शेवटी जे आलं ते भिंतीवर आहे. माई ते बघून म्हणाल्या, "माझेच आसात. भांडीं घासून अशेच जातात." ते इतके खूश झाले की त्या दिवशी त्यांनी कडेबरोबर गरही खाल्ला.

राजभाषेचं भांडण पेटलेलं होतं तो काळ. कोकणी की मराठी, यावरून घराघरात ताटं वाजत. रस्ते अडवलेले असले की गुणाजीबाबांची बस बंद, मग ते ओळखीच्या कुणाच्या ओसरीवर मुक्काम टाकून सकाळी चालत येत. पोटासाठी ते कापडी फलकही रंगवत. सकाळी मराठीवाल्यांचे, संध्याकाळी कोकणीवाल्यांचे. हे दोन्हीकडच्यांना कळलं आणि चारदोन तरुण बैठकीच्या वेळी आमच्याच ओसरीवर येऊन उभे राहिले. "गुणाजीबाब, एकदां सांगून सोडात. तुमी खंयच्या कुशीचे?"

"जे कुशीक उजवाड आसा, ते," हे म्हणाले. "अक्षर वांकडें आयलां जाल्यार सांगात."

अक्षर कुणाचंच वाकडं आलं नव्हतं. पोरं गेली. मग माईंनी विचारलं, "आनी खरें सांग रे, तूं खंयचो?"

"माई, तुमी रागार जाल्यार गाळी खंयचे भाशेन दितात?"

"कोंकणीन."

"आनी देवाक गाराणें?"

"पोथी मराठी. मागीर रडप कोंकणीन."

"तर म्हाका कित्याक विचारतात?" आणि दोघं हसत सुटली.

हे हसणं मला आतून ऐकू यायचं. माईंना इतकं हसताना मी लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं. आणि पाहिलं तेव्हाही पाठीमागूनच. कारण मी स्वयंपाकघराच्या दारात, पडद्याआड उभी राहून त्यांची नक्कल करत असायची. त्यांनी हनुवटी आत ओढली की मी ओढायची. त्यांनी पदर चापला की मी चापायची. खालचा ओठ बाहेर, मान ताठ, महाराणीसारखी. कॅनव्हास मध्ये असल्याने चिताऱ्याला मी दिसत नाही, आणि माईंची तर पाठच, अशी माझी पक्की खात्री. मला दिसायचे ते माईंचे गदगदणारे खांदे आणि कॅनव्हासच्या कडेने डोकावणारा काळा कोट. मी हिशेब लावून मोकळी झाले की हा चितारी सासूबाईंना हसवतो.

चित्र पुरं होत आलं. डोळ्यांच्या जागी फक्त दोन फिकट पोकळ्या ठेवल्या होत्या. ह्यांनी विचारलं तेव्हा गुणाजीबाब म्हणाले, "दोळे निमाणे. मनीस मुखार आसतना." गणपतीचेही डोळे ते सगळ्यात शेवटी, आंघोळ करून, कुणाशी न बोलता घालत. माणसांनाही तोच नियम. माणूस समोर असला तरच. एक चांगली सकाळ पुरे होती.

त्याच आठवड्यात शेजारी चैत्रातलं हळदीकुंकू होतं. माई अर्थात आल्या नव्हत्या, त्यांना ते निमंत्रण नसेच. पन्हं पिऊन झालं, आणि बायका म्हणाल्या, "कर गो, चित्राचें नाटक कर."

मी केलं. पाटावर बसून माई झाले, हनुवटी, पदर, ओठ. मग उठून गुणाजी झाले, अंगठा, मिटलेला डोळा. बायका हसून एकमेकींवर पडत होत्या. टाळ्या कानात शिरल्या की माझं डोकं चालायचं थांबे, तसं ते थांबलं. मी परत माई झाले, मान वेळावली आणि त्यांच्या पेडण्याच्या हेलात म्हटलं, "गुणाजी, हांव बरी दिसतां मरे?"

हे वाक्य माईंनी कधीही उच्चारलं नव्हतं. ते मी पदरचं घातलं.

नाटक सगळ्या विसरल्या. ते वाक्य तेवढं गावभर गेलं. दोन दिवसांनी देवळातून माई परतल्या त्या नेहमीपेक्षा लवकर. शेजारच्या काशीबायने पायरीवर, चारचौघींत, त्यांना म्हटलं होतं, "माई, बऱ्योच दिसतात हां चित्रांत!" हे मला नंतर कळलं. त्या वेळी दिसलं एवढंच की साठी ओलांडलेल्या माझ्या सासूने बैठकीची शाल झटकली, घडी केली आणि पेटीत तळाशी ठेवली.

सकाळी गुणाजीबाब आले. आंघोळ करून, धुतलेला कोट घालून. डोळ्यांचा दिवस होता. माई देवाच्या खोलीतून बाहेर येईनात. मला म्हणाल्या, "सांग ताका, बरें ना म्हाका."

मी सांगितलं. ते रिकाम्या कदेलकडे बघत राहिले. "फकत दोळे उरल्यात, वयनी. एक सकाळ."

मी पुन्हा आत गेले. माईंनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाल्या, "बरें दिसना."

त्यांना सगळं कळलंय हे मला त्या क्षणी कळलं. तिथेच मी दोन शब्द बोलले असते, की हा माझा चावटपणा आहे, माई कशाला लपता, तर कदाचित निभावलं असतं. इतकी वटवट करणारी बाई मी, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. गुणाजीबाबांनी ब्रश पुसले, छत्रीत घातले, चहा नको म्हणाले. चित्र तिथेच ठेवून गेले. आम्ही ते चादरीत गुंडाळून माळ्यावर भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

पुढचं सांगायला जीभ जड होते. भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, घरून त्यांच्या सुनेच्या चित्राचं ठरलं होतं, ते मोडलं. डॉक्टरांच्या आईचं मोडलं. "घरांत बसून बायलांक हासयता तो," असं लोक म्हणत. मासळीबाजारात माझ्यासमोर हे बोललं गेलं आणि मी बांगड्यांचे कल्ले उघडून ताजेपणा बघत राहिले. थोड्याच दिवसांत गोवा घटक राज्य झालं. बाजारात कमान उभारली होती, आणि तिच्यावर अक्षरं रंगवायला शिडीवर चढलेला काळा कोट मला दिसला. मी दुसऱ्या गल्लीने घरी आले.

माईंनी मला कधी एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. आमच्यात मीठ-मसाल्याचं बोलणं चालू राहिलं. शेवटच्या आजारात मात्र एक दिवस माळ्याकडे बघून म्हणाल्या, "तें कुड्डें भिंतीर लावूंक नाका." कुड्डें म्हणजे आंधळं.

माईंचं वर्षश्राद्ध जवळ आलं तसं ह्यांनी चित्र खाली काढलं. म्हणाले, "बाजारात पाट्या रंगवणारा तो एक पोरगा आहे ना, त्याच्याकडून घालून घेऊ डोळे. दोन ठिपके तर आहेत." दुसऱ्या दिवशी, बहिणीकडे जाते सांगून, मी म्हापशाला बस बदलून पेडण्याला गेले.

चवथ तोंडावर होती. चितारशाळेत गणपतींच्या रांगा, कुणालाच अजून डोळे नाहीत. इतक्या बिनडोळ्यांच्या देवांसमोर मी त्या एका माणसाला शोधत उभी राहिले. गुणाजीबाबांना मोतीबिंदू झाला होता, जाड काचांचा चष्मा आला होता. माती मळत होते. उठले नाहीत.

"माई गेली तें आयकलें," म्हणाले.

मी डोळ्यांचं सांगितलं.

"मेल्ल्या मनशाचे दोळे हांव घालीना."

तेव्हा मी खाली मातीतच बसले आणि म्हटलं, "गुणाजीबाब, तें वाक्य माझें आसलें. माईन तशें केन्नाच म्हणूंक ना."

"खबर आसा," ते म्हणाले. "केन्नाच विचारलें ना तिणें, बरी दिसतां काय म्हणून." थोडी माती मळली. "विचारूंक जाय आसलें."

बाजूचा पुरा गोळा त्यांनी मळून काढला. माझी परतीची बस गेली असेल. मग हात धुता धुता म्हणाले, "ती नक्कल येता अजून?"

"येता."

"मागीर येतां हांव."

ते आले त्या सकाळी मी ह्यांना बाजारात पिटाळलं. पेटीच्या तळची शाल काढली, कदेल खिडकीशी ठेवलं, कॅनव्हास समोर. आरसा होता तिथेच होता, हे त्यातच दाढी करत. मी माईंच्या जागी बसले. हनुवटी आत ओढली, पदर चापला, खालचा ओठ काढला.

"ती न्हय," गुणाजीबाब म्हणाले. "ती बायलांखातीर. दारांतली करात."

माझा ओठ तसाच राहिला. "दारांतली तुमी खंय पळयली?"

त्यांनी हनुवटीने त्यांच्या मागे दाखवलं. मी आरशात बघितलं. माईंच्या कदेलवरून, गुणाजीबाबांच्या खांद्यावरून, आरशात स्वयंपाकघराचं दार स्वच्छ दिसत होतं. दार, पडदा आणि पडद्याआडची ती जागा, जिथे मी महाराणी होऊन उभी राहायची.

"माई...?"

"सदांच."

"ती हासताली ती..."

"हांव घरांत बसून मनशांक हासयना, वयनी. म्हाका हात काडूंक येना, विनोद खंयचे येतले?" ते रंग कालवत होते. "हांवें म्हळें, माई, सुनेक आड्डायतां. ती म्हणाली, सांगूं नाका. सांगल्यार बंद करीत. ह्या घरांत इतलें लक्ष दिवन माझेकडेन कोणें पळयल्लेंच ना."

मी आरशातल्या त्या रिकाम्या दाराकडे बघत होते.

"तशेंच रावात," गुणाजीबाब म्हणाले. "हालूं नाकात आतां."

डोळ्यांतलं पाणी पुसायलाही त्यांनी मला हात हलवू दिला नाही. डोळे घालून झाले तेव्हा त्यांनी मला बोलावलं नाही, स्वतःच आरशात उलटं चित्र बघितलं, आणि बराच वेळ बघितलं. मी पुढे जाऊन पाहिलं. त्यात माझं रडणं कुठेच नव्हतं. तिथे माई होत्या, आरशातल्या दाराकडे बघणाऱ्या, माझं नाटक संपू नये म्हणून हसू आवरणाऱ्या.

मी त्यांना म्हटलं, गुणाजीबाब, मी घरोघर जाऊन सांगते, तुमचं काम परत सुरू होईल. ते कोट झटकत म्हणाले, "आतां दोळ्यांक धुकें आसा. लोकांक कॅमेरो आसा." त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मी नंतर चार घरी सांगितलंसुद्धा. बायका म्हणाल्या, "कोण गो? हां, तो कोटवालो," आणि भाजीचा भाव विचारू लागल्या.

त्यानंतर मी कुणाची नक्कल केली नाही, असं इथे लिहिणं शोभून दिसलं असतं. पण नातवंडं साक्षीला आहेत. फक्त कुणाच्या तोंडी पदरचं वाक्य घालत नाही.

त्या दिवशी त्यांना सोडायला बसस्टँडवर गेले होते. खिडकीशी जागा मिळाली, छत्री पोटाशी. आभाळ भरून आलं होतं. "आज उजवाड बरो आसा," ते खिडकीतून म्हणाले. मग हात बाहेर काढला, अंगठा उभा धरला, जाड काचेआडचा डावा डोळा मिटला आणि मला मापायला लागले. काय काय बोलायचं मनात होतं माझ्या. बस सुटेपर्यंत मी तोंड बंद ठेवून उभी राहिले.